ढालीवरचे लांब कान

दादूने सपनाला तीन आठवडे आधीच सांगितलं होतं. गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमधून अर्धा बाहेर येत, इकडेतिकडे बघत, आवाज खाली करून.

"वहिनी, आजोबा हल्ली रोज चार वाजता खाली येतात. 'पाणी पाजून येतो' म्हणतात आणि सरळ रस्त्याला लागतात. मी गोड बोलून परत वर पाठवतो. पण उद्या माझा पॉइंट बदलला, दुसऱ्या गेटवर ड्युटी लागली तर? लक्ष असू द्या जरा."

सपनाच्या एका खांद्यावर बालवाडीचं दप्तर होतं, दुसऱ्या हाताला लेक दिशा लोंबकळत होती आणि लिफ्ट येऊन उभी होती.

"अहो दादू, कुंड्यांना पाणी घालतात ते. या वयात वेळ जात नाही माणसाचा," असं म्हणून तिने बटण दाबलं.

ही बाई रात्री गॅसची कळ तीनदा बघायची. नवव्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांना तिने भांडून जाळ्या बसवून घेतल्या होत्या. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ती ते मुलीच्या तोंडात जाऊ देत नसे. तिनेच हे बोलणं असं झटकून कसं टाकलं, याचं उत्तर पुढे तिला स्वतःलाही देता आलं नाही. तिच्या काळजीत एकाच माणसापुरती जागा होती आणि ती चार वर्षांच्या पोरीने पूर्ण व्यापली होती. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस त्यात मावत नव्हता.

मे महिन्यातला शेवटचा रविवार. दरवर्षी या दिवशी गमऱ्यांच्या घरी ढाल उतरवायची रीत होती. दारावरची ती दोन फुटी पत्र्याची ढाल खाली घ्यायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि उडालेले रंग पुन्हा भरायचे. ब्रश धरायचा तो ज्याने वर्दी घातली त्यानेच. बायकांनी रंगाचा डबा धरायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी सपनाने डबा धरला तेव्हा तिला हा पोरखेळ वाटला होता, पण सासऱ्यांचा चेहरा बघून ती हसली नव्हती.

यंदा रंग भरायचा प्रश्नच उरला नव्हता. साडेदहा वाजता सगळे जमले होते ते टीपॉयवर पसरलेल्या वर्तमानपत्राभोवती, आणि त्यावर ढाल पडली होती, मधोमध खरवडलेली. वरचं पिंपळपान शाबूत होतं. तीन पिढ्यांची तीन डोंगरशिखरं शाबूत होती. आजोबांचं, सासऱ्यांचं आणि सपनाच्या नवऱ्याचं, अनिरुद्धचं. खालची गाठ मारलेली दोरीसुद्धा होती. पण मधला तपकिरी घोडा मानेपासून मागच्या पायांपर्यंत सोलून निघाला होता. तिथे नुसता पत्रा आणि गंज. एका कानाच्या जागी मात्र काळपट, लांबट पट्टा तेवढा शिल्लक होता.

"बघा," चंद्रप्रकाश म्हणाले. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, तरी घरात बोलताना त्यांचे हात पाठीमागेच असत. "डोळे उघडून बघा सगळ्यांनी. मग बोलू."

बघायला लोक तरी किती. त्यांची बायको नलिनी, बहीण शकू आणि सून सपना. मुलगा अनिरुद्ध जम्मूकडे ड्युटीवर होता. तो सपनाच्या फोनमध्ये, पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला. आणि ज्याच्याविषयी हे सगळं चाललं होतं ते चंद्रप्रकाशांचे वडील भीमराज गमरे, निवृत्त नाईक, बाहेर गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मधलं सरकतं दार उघडंच होतं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

"कशाने खरवडलं?" शकूआत्याने विचारलं. ती मानखुर्दहून सकाळीच आली होती, सुक्या बोंबलांची पिशवी अजून तिच्या मांडीवरच होती.

"उलथन्याने. आणि एकटे नाही, पोरीला घेऊन बसले होते. तिच्या हातात चमचा. दोघं मिळून."

सकाळी सात वाजता तो खर्र खर्र आवाज सपनाने ऐकला होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी फरशा बदलतंय असं तिला वाटलं. चहा गाळून ती बाहेर आली तेव्हा दिशाच्या बोटांवर, हनुवटीवर, ओठांच्या कोपऱ्यात तपकिरी पापुद्रे चिकटलेले होते. चाळीस वर्षांपूर्वीचा रंग. त्यात काय काय असतं कोणास ठाऊक. तिने पोरीचं तोंड बोटाने आतून पुसून काढलं, चूळ भरायला लावली, डॉक्टरांना फोन केला. आजोबांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ते मात्र खुशीत म्हणत होते, "झालंच बाय, अर्धी मोकळी झाली ती."

"पुढच्या रविवारी आपल्या सिक्युरिटी एजन्सीच्या मुलुंडच्या नव्या ऑफिसचं उद्घाटन आहे," चंद्रप्रकाश म्हणाले. "ढाल तिथे लागणार. दोनशे दहा गार्ड आहेत माझे. प्रत्येकाच्या दंडावर हा घोडा आहे. पत्रिका छापल्यात. आणि हा आमचा घोडा."

"घोडा नव्हताच तो, दादा."

चंद्रप्रकाशांनी बहिणीकडे पाहिलं.

"काय बघतोस? मी लहान होते, आंधळी नव्हते. खेचर होतं. हे एवढे कान होते त्याचे. पाठीवर पालाण होतं, ओझ्याचं. तू सुट्टीवर आलास आणि पेंटरला बसवून कान कापलेस, ओझं काढून खोगीर चढवलंस. आणि खाली काय लिहिलं होतं? 'ओझं पोचलं.' बाबांनी स्वतः लिहिलेलं. तू तिथे लिहिलंस 'शौर्य, निष्ठा, सेवा'. बँकेच्या जाहिरातीसारखं."

"शकूताई, हळू ना. शेजारी ऐकतात," नलिनी म्हणाली.

"ऐकू देत. जरा त्यांनाही कळू दे."

"हो, मीच केलं!" चंद्रप्रकाशांचा हात पहिल्यांदा पाठीमागून पुढे आला. "कान कापले, ओझं उतरवलं. कशासाठी विचार की. गावात आपल्या आज्याने काय केलं? दुसऱ्यांची ओझी वाहिली. मेलेली ढोरं वाहिली. ते सुटावं म्हणून बाबा फौजेत गेले, तर तिथे काय मिळालं? खेचर कंपनी! शाळेत मला पोरं काय म्हणायची ठाऊक आहे? तू तेव्हा पाळण्यात होतीस. 'काय रे, तुझा बाप लढाईत काय करतो, लीद काढतो?' रडत घरी आलो होतो मी. साहेबांच्या मेसमध्ये भिंतीवर ढाली बघून बाबांना वाटलं, त्यांच्या घराण्यांना असते तर गमऱ्यांना का नको? चांगलं आहे. झकास आहे. पण त्यांच्या ढालीवर वाघ, सिंह, तलवारी. आमच्या ढालीवर पुन्हा ओझ्याचं जनावर? आपल्या हाताने आपल्याच दारावर लावायचं?"

शकूआत्याने पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. तिलाही ते दुखत होतं हे सपनाला दिसलं. या माणसाला खोटं पाडणं सोपं होतं, पण त्याचं दुखणं खोटं नव्हतं.

"पप्पा," फोनमधून अनिरुद्ध म्हणाला. चित्र थिजलं होतं, तोंड अर्धवट उघडं, आवाज तेवढा येत होता. "ढालीचं सोडा ना. नवीन बनवू यार. आजोबांचं काय ते बोला."

"तेच बोलतोय." चंद्रप्रकाशांनी शर्टच्या खिशातून चारपदरी घडी घातलेला फॉर्म काढला. "कर्जतच्या पुढे एक आश्रम आहे. फौजी लोकांचाच. डॉक्टर आहे, नर्स आहे, भोवती तारेचं कुंपण आहे. मी जाऊन बघून आलो. ही काही आज मनात आलेली गोष्ट नाही. परवा लघवी केली ती कुंडीत. जेवताना कोणालातरी विचारतात, 'पाणी पाजलं का?' आणि आज हे. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने ढाल केली, तो ती उलथन्याने खरवडतो, तेही चार वर्षांच्या पोरीला शेजारी बसवून! हे शहाण्याचं लक्षण आहे?"

"शहाण्याचंच आहे," शकूआत्या म्हणाली. "तू चढवलेलं सोंग त्यांनी उतरवलं."

"म्हणजे त्यांना कळत होतं?"

"कळत होतंच."

"कशावरून? तू महिन्यातून एकदा येतेस, बोंबील देतेस आणि जातेस. तू घेऊन जातेस का त्यांना मानखुर्दला?"

मानखुर्दच्या दहा बाय बाराच्या खोलीत शकूआत्याचा मुलगा, सून आणि तीन नातवंडं होती. भावाने हे मुद्दामच विचारलं होतं, आणि त्याच्या तोंडून शब्द गेल्यावर त्यालाही ते नको झालं असावं, कारण तो खिडकीकडे वळला.

"मी दिवाळीत येतोय," अनिरुद्ध म्हणाला. "तोपर्यंत थांबा ना, पप्पा."

"दिवाळीला पाच महिने आहेत. तोवर कोण बघणार? तुझी आई? तिचे गुडघे बघ."

"मग सपनाला विचारा. दिवसभर घरात तीच असते त्यांच्याबरोबर. ती म्हणेल तसं करू."

अशा रीतीने तो प्रश्न फिरत फिरत तिच्यापाशी येऊन थांबला. चौघांचे डोळे तिच्यावर, त्यातले दोन थिजलेले.

"सांग, सपना," चंद्रप्रकाश म्हणाले. त्यांच्या आवाजात दरडावणी नव्हती. "त्यांना कळत होतं का, काय करतायत ते?"

सपनाला सगळं माहीत होतं.

थंडीच्या दिवसांत ती दिशाला भरवत असताना आजोबांनी सांगितलं होतं. ती अर्ध्या कानाने ऐकत होती, पण ऐकलं होतं सगळं. खेचरीचं नाव राधा. ते आधीच्या शिपायाने ठेवलेलं, भीमराजांकडे ती नावासकट आली. तेव्हा ते बावीस वर्षांचे. वर चौकीवर डाळ, रॉकेल, काडतुसं पोचवायची आणि खाली येताना जे असेल ते आणायचं. कधी रिकामे डबे, कधी माणूस. बर्फात वाट दिसेनाशी झाली की राधाची शेपटी धरायची आणि डोळे मिटून चालायचं. "ती नेते तिकडं जायचं, बाय. माणसाला वाट कळत नाही." कंपनीचा नियम एकच होता: आधी जनावराला पाणी, मग दाणा, मग आपण. चार वाजता पाण्याची शिट्टी व्हायची. एका परतीच्या वाटेवर राधाचा पुढचा पाय दगडांत गेला आणि मोडला. पाठीवर जखमी जवान होता. भीमराजांनी त्याला उतरवून स्वतःच्या पाठीवर बांधलं, ढालीवर आहे तीच दोरीची गाठ मारून. राधाला एका झाडाला टेकवून उभी केली आणि तिच्या कानात सांगितलं, पाणी घेऊन येतो. जवान खाली पोचला, वाचला. पण रात्रीतच हुकूम आला आणि सगळी तुकडी तिथून हलली. वर जायला कोणी दिलं नाही.

"पाणी पाजायचं राहिलं," एवढं म्हणून आजोबांनी दिशाच्या वाटीतला सांडलेला भात बोटाने टिपून घेतला होता.

ती ढाल म्हणजे बढाई नव्हतीच. दिलेल्या शब्दाची आठवण दारावर टांगलेली होती, रोज येताजाता दिसावी म्हणून.

आणि काल संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते. "बाय, जुनं उलथनं हाय का? राधाच्या अंगावर चढलंय ते काढतो म्हणतो. चंदूने घोडा केलाय तिचा. उद्या सगळे जमायच्या आधी तिला मोकळी करतो." स्पष्ट, सरळ, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. शेगडीवर दूध वर येत होतं. सपनाने मागे न बघता उलथनं त्यांच्या हातात दिलं होतं.

म्हणजे नुसतं 'हो' म्हणायचं होतं. हो, कळत होतं. आणि उलथनं मी दिलं.

तेवढ्यात दिशा आतून धावत आली आणि आईच्या गुडघ्याला बिलगली. तिच्या नखात अजून एक तपकिरी कपची अडकलेली होती. सपनाला गेल्या महिन्यातली दुपार आठवली. आजोबा जिन्यात एका पायरीवर बसलेले आणि दिशा चार पायऱ्या खाली एकटीच, कठड्याच्या गजांतून डोकं बाहेर काढून बघत होती. 'पहारा देतेय ती,' आजोबा म्हणाले होते. ती गोष्ट सपनाने कोणालाच सांगितली नव्हती, पण तेव्हापासून तिला दुपारची झोप नव्हती.

तारेचं कुंपण, नर्स, डॉक्टर. आणि घरात पुन्हा शांतपणे भाजी चिरता येणं.

"नाही, पप्पा," ती म्हणाली. "त्यांना कळत नव्हतं. काहीतरी बरळत होते."

"माझ्याकडे बघून बोल," शकूआत्या म्हणाली.

सपनाने बघितलं नाही. दिशाच्या नखातली कपची काढत राहिली.

गॅलरीतून खुर्चीचा आवाज आला. आजोबा उठून दारात उभे होते. त्यांची नजर कोणावर रागावलेली नव्हती. त्यांनी सपनाकडे पाहून मान हलवली, एखाद्याने दिलेला रिपोर्ट मान्य करावा तशी.

"बरोबर हाय तिचं," ते म्हणाले. "पोर लहान हाय तिची." आणि नलिनीकडे वळून विचारलं, "पाणी पाजलं?"

"पाजलं हो बाबा," नलिनीने सवयीने उत्तर दिलं.

"नाही पाजलं," ते म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

फॉर्मवर सह्या झाल्या. मंगळवार ठरला. त्यानंतर कोंबडी-वडे झाले, कारण ढालीच्या रविवारी ते होतातच. नलिनीने पहिला वडा सासऱ्यांना वाढला तो तसाच ताटात राहिला. शकूआत्या दोन घास खाऊन उठली. साडेतीनला निघताना ती सपनाला एवढंच म्हणाली, "तुझ्या जागी मी असते तर मीसुद्धा हेच बोलले असते. म्हणून मला तुझा राग येत नाही. भीती वाटते."

आत्याला सोडायला सपना लिफ्टपर्यंत गेली. दिशा बाहेर जाऊ नये म्हणून गेल्याच आठवड्यात बसवलेली दाराची वरची कडी, जी ती दिवसातून दहादा लावायची आणि जिच्यापर्यंत आजोबांचा हात पोचत नसे, ती परत येऊन लावायची राहिली. दिशाला झोपवता झोपवता तिचाही डोळा लागला. गेल्या महिन्याभरात दुपारी ती पहिल्यांदाच झोपली होती. आता सगळं मार्गी लागलं, या विचाराने.

जाग आली तेव्हा सव्वाचार झाले होते. गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी दोन्ही टोकांना सोडलेली, ओले टॉवेल फरशीवर नीट घडी करून ठेवलेले. टीपॉयवर नुसतं वर्तमानपत्र होतं, तपकिरी भुग्याने भरलेलं. ढाल नव्हती.

"आई!" तिने हाक मारली. "पप्पा! आजोबा कुठायत?"

नऊ मजले ती जिन्याने उतरली, लिफ्टची वाट न बघता. गेटवर दादू नव्हता. त्याचा पॉइंट शुक्रवारीच बदलला होता, घाटकोपरला. नवीन गार्ड वीस-बावीसचा, कडक इस्त्रीचा, दंडावर घोडा.

"आजोबा? हो ना मॅडम, गेले की. चारला पाच कमी होते."

"गेले म्हणजे? एकट्यांना जाऊ दिलंत?"

गार्ड गोंधळला. त्याने केबिनमध्ये लावलेल्या चौकटीकडे बोट दाखवलं. चंद्रप्रकाशांच्या सहीचा हुकूम होता तो, तीन वर्षांपूर्वीचा, जेव्हा एका गार्डने म्हाताऱ्याला 'ओ काका, कुठे?' म्हणून हटकलं होतं. *बाबांना कोणीही अडवायचं नाही. सॅल्यूट द्यायचा आणि गेट उघडायचं.*

"मी सॅल्यूट मारला, मॅडम. त्यांनीपण मारला. पाठीवर काहीतरी पत्र्याचं बांधलं होतं, दोरीने. मला वाटलं बोर्ड आहे, ऑफिसला नेतायत. म्हटलं, मी पकडू का? तर म्हणाले, नको, हे माझं ओझं आहे."

चंद्रप्रकाश मागून येऊन उभे राहिले होते. ते हुकुमाच्या चौकटीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती खिळ्यावरून काढली आणि कुठे ठेवावी ते न कळून काखेत धरली.

पहिला तास शोधण्यात गेला. रिक्षावाल्यांना विचारलं, देवळाच्या पाणपोईवर बघितलं, बुद्धविहारात बघितलं. पोलीस चौकीत तक्रार लिहून झाली. भांडुप स्टेशनच्या पुलाखालच्या एका नारळवाल्याने सांगितलं, हो, असा एक म्हातारा पूर्वेला उतरला. पाठ वाकलेली नव्हती. कुठे नळ आहे का विचारत होता. त्याने शहाळं देऊ केलं तर म्हणाला, मला नको, तिला पाहिजे.

पूर्वेला हायवे. हायवेपलीकडे मिठागरं, आणि मिठागरांपलीकडे खाडी. सपना सर्व्हिस रोडच्या कडेला उभी राहिली. दिशा तिच्या कडेवर, उन्हाने लाल झालेली. समोरून ट्रकमागून ट्रक जात होते. तिच्या मनात एकच विचार फिरत होता. खाडीचं पाणी खारं. ते खेचर पिणार नाही हे आजोबांना माहीत आहे. त्यांना सगळं कळतं. म्हणजे ते तिथे थांबणार नाहीत. गोडं पाणी सापडेपर्यंत ते चालत राहतील.

"मम्मा," दिशा म्हणाली, "आजोबा राधाला पाणी द्यायला गेले. मला सांगून गेले."

"कधी?"

"तू झोपली होतीस ना, तेव्हा. मी म्हटलं, मी पण येते. तर म्हणाले, नको, मम्माला भीती वाटते."

सपना रस्त्याच्या कठड्यावर बसली. तिला रडायला हवं होतं, पण रडण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता. तिने फोन काढला. सोसायटीच्या ग्रुपवर नलिनीने आधीच टाकलं होतं: *वय ८४, सफेद शर्ट, खाकी पँट, स्मृतिभ्रंश आहे, पाठीवर घोड्याचं चित्र असलेली ढाल.* खाली नऊ जणांनी हात जोडले होते.

तिने ते पुसायला सांगितलं नाही. स्वतः नवीन लिहायला घेतलं. दोनदा चुकलं. चंद्रप्रकाश बाजूला येऊन वाकून वाचत होते, हे तिला त्यांच्या श्वासावरून कळत होतं. तिसऱ्या ओळीला ते काहीतरी म्हणतील असं तिला वाटलं. पण ती थांबल्यावर त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला, तोच मजकूर स्वतःच्या फोनवर पाठवला आणि तिथून एजन्सीच्या सगळ्या पॉइंटना, मुलुंडपासून मानखुर्दपर्यंत, घोड्याचा बिल्ला लावलेल्या दोनशे दहा माणसांना. मग अंगावरचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला तो माणूस मिठागरांच्या दिशेने एकटाच चालू लागला. काखेतली चौकट अजून तशीच होती.

सपनाने लिहिलं होतं ते असं:

*हे भीमराज गमरे, माझे आजेसासरे. दुपारी चार वाजता भांडुपहून पायी निघाले आहेत. त्यांच्या पाठीवर दोरीने बांधलेली पत्र्याची ढाल आहे. तिच्यावर खेचर आहे. घोडा नाही, खेचर. मधला रंग खरवडलेला आहे, तो त्यांनी समजून खरवडला आहे. त्यांना वेड लागलेलं नाही. आज सकाळी मी घरात सगळ्यांसमोर तसं खोटं सांगितलं.*

*ते पाणी शोधत आहेत. भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर, गोवंडी, मानखुर्द, मुलुंड, कुठेही असतील. तुम्ही हे वाचत असाल तर वाचून पुढे ढकलू नका. उठा. तुमच्या सोसायटीची टाकी, गल्लीतला नळ, पाणपोई, तळं, जे जवळ असेल तिथे एकदा जाऊन बघा. म्हातारा माणूस दिसला तर त्याला नाव-पत्ता विचारू नका, पाठीवरचं ओझं उतरवायला सांगू नका. एवढंच विचारा, राधाला पाणी पाजलं का? ते थांबतील. मग एक बादली भरून त्यांच्यासमोर ठेवा आणि मी येईपर्यंत त्यांच्याजवळ बसा.*